राईस मिलच्या भिंतीला पाठ लावून

खोली घेतली तेव्हा राईस मिल बंद होती. दिवाळीचे दिवस होते, नवं धान यायचं होतं, आणि गोंदियाच्या त्या गल्लीत इतकी शांतता होती की मी दारात उभी राहून एक तान घेतली आणि खूश होऊन लगेच हो म्हणून टाकलं. घरमालक तेच मिलमालक. त्यांनी विचारलंही होतं, "मैडम, सोच लिया ना? बगल में मशीन है।" मी नुसती मान हलवली. आनंदात माणसाला दुसऱ्याचं कुठे ऐकू येतं!

गायनवर्ग काढायचं वेड बारा वर्षं माझ्या डोक्यात होतं. ती बारा वर्षं मी एका शाळेत संगीताची बाई होते, म्हणजे प्रार्थनेला पेटी वाजवायची आणि गणिताचा अभ्यासक्रम मागे पडला की आपला तास गणिताच्या सरांना द्यायचा. एका आठवड्यात चौथ्यांदा तास गेला आणि मी राजीनामा लिहून दिला. मी तापट आहे, आणि मुख्याध्यापक ते ओळखून होते. म्हणाले, "महाशिवरात्रीपर्यंत जागा भरत नाही. राग उतरला की या."

घरी सासूबाईंनी तेवढंच धरून ठेवलं. "पक्की नोकरी कायले सोडून राहिली वं? पोरी का गाणं शिकाले येतेत?"

"महाशिवरात्रीपर्यंत बघा," मी म्हटलं. "नाही जमलं तर मुकाट्याने परत जाईन." बोलून बसले खरी.

पण मुली आल्या. चांगल्या अकरा आल्या. आणि आठव्या दिवशी मिल सुरू झाली.

भिंत थरथरायला लागली. पेटीवरची वही सरकत सरकत खाली पडली. तानपुऱ्याचं इलेक्ट्रॉनिक यंत्र लावलं तर त्या घरघरीत त्याचा पत्ताच लागेना. मी कपाळाला हात लावून बसले. तेवढ्यात दाराशी गुणगुणणं ऐकू आलं. एका मुलीची आजी नातीला सोडायला यायची आणि मांडीवर सूप घेऊन तिथेच बिड्या वळत बसायची. तीच गुणगुणत होती, आणि तिचा सूर मिलच्या घुमण्याशी तंतोतंत जुळला होता. मी पेटीवर चाचपून पाहिलं. पांढरी पाच पट्टी! आमची मिल चक्क पांढरी पाचमध्ये गात होती.

त्या दिवसापासून मी अकराही जणींना मिलच्या भिंतीला पाठ लावून बसवलं. "कानाने नाही, पाठीने सा घ्या," असं मी मोठ्या ऐटीत सांगायची. जी मुलगी जन्मात सुरात आली नसती, तीसुद्धा पाठ टेकली की अचूक सा लावायची. खिडकीतून कोंडा उडून यायचा, आलापाच्या मध्येच कोणाला तरी शिंक यायची आणि सगळा वर्ग खिदळायचा. हमाल पोती उतरवता उतरवता खिडकीशी थांबायचे. त्या तीन महिन्यांत मी जितकी हसले, तितकी शाळेत बारा वर्षांत हसले नव्हते.

महाशिवरात्रीला गोंदियाजवळच्या नागऱ्याच्या जत्रेत, मंदिराजवळच्या एका मांडवात, आम्हाला भजनासाठी दुपारची दहा मिनिटं मिळाली. समोर मुलींचे आईवडील, मिलमालक आणि पहिल्या रांगेत सासूबाई. कार्यक्रम रंगला तर वर्ग टिकेल. फसला तर मुली एकेक करून गळतील आणि मला शाळेत परतावं लागेल, हे मला पक्कं कळत होतं.

मी पेटीवर सा धरला. मुलींनी तोंड उघडलं आणि अकरा सा निघाले, अकरा तऱ्हेचे. कोणीतरी फिस्सकन हसलं. मी पुन्हा सा धरला, जोरात. पुन्हा तेच. पाहते तर मुली मागे रेलायला बघताहेत, आणि मागे आहे नुसता कापडी पडदा! तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पेटी ऐकायला मी त्यांना शिकवलंच नव्हतं, भिंत ऐकायला शिकवलं होतं. आता भिंत राहिली गोंदियात आणि आम्ही नागऱ्यात. माझं फक्त रडायचं बाकी होतं.

तेवढ्यात लोकांतून बिड्या वळणारी आजी उठली. चपला काढून स्टेजवर चढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बाई, मांगं भिंतच नाही, त पोरी टेकतीन कायले? सरका वं जरासे, मले बसू द्या."

मुलींच्या मागे तिने बैठक मारली. मधल्या दोघींच्या पाठी आपल्या पाठीला टेकवल्या, बाकीच्या आपोआप त्यांना येऊन चिकटल्या. मग ती घुमायला लागली. पोटातून, संथ, एका दमात, हुबेहूब.

"अरे, ये तो अपनी मिल है!" मिलमालक ओरडले. मांडव हसला. त्या हसण्यातच मुलींनी सा लावला, आणि या वेळी अकरा गळ्यांतून एकच निघाला. भजन कसं झालं ते मला नीट आठवत नाही, कारण पेटीवरची माझी बोटं मला डोळ्यांतल्या पाण्यामुळे दिसतच नव्हती. एवढं आठवतं की लोकांनी ते पुन्हा म्हणायला लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुख्याध्यापकांचा फोन आला तेव्हा माझे हात कणकेत होते. सासूबाईंनी उचलला. मी हात परातीतच ठेवून तिकडे कान दिले.

"नाही जी," त्या म्हणाल्या. "आता कायले येईल? तिची सोताची शाळा हाय."

फोन ठेवून त्या माझ्याकडे वळल्या. "अन तू का पाहून राहिली? दे ते कणिक इकडं. मिल सुरू झाली असन, जाय."