काकूंच्या पायाखालचा ब्रेक

जुन्या गाडीभोवती चार माणसं जमली की काम राहतं बाजूला आणि किस्से साठत जातात. भोसरीत बापूंच्या शेडमध्ये आमचे रविवार असेच गेले. मी आणि सतीश दोघंही चाकणच्या कंपन्यांत. आठवडाभर नव्या गाड्यांचे पार्ट बनवायचे आणि सुट्टीला बापूंच्या म्हाताऱ्या गाडीखाली आडवं व्हायचं!

काम एकच होतं, पुढचे ड्रम ब्रेक काढून डिस्क ब्रेक बसवायचे. कारण बापूंच्या बायको, आमच्या काकू. मोशीच्या उतारावर एकदा गाडी थांबेचना, शेवटी एका टेम्पोला टेकली. लागलं कुणालाच नाही, पण काकू उतरल्या त्या परत बसल्या नाहीत. वाकडला लेकीकडे जायचं तरी बापू गाडीत आणि काकू मागून रिक्षात! बापूंना ते फार लागलं होतं.

*

डाव्या सीटपुढची मॅट उचलली तर तिला एकाच जागी भोक.

"उंदीर दिसतोय," सतीश म्हणाला.

"उंदीर न्हाई रं," बापू म्हणाले. "तितं तुझ्या काकूचा ब्रेक हाय."

समोर म्हैस आली की काकू तिथे पाय दाबायच्या. लग्न झाल्यापासून!

*

नव्या डिस्क आल्या. आम्ही चहा पीत होतो तेवढ्यात काकूंनी दोन्हींना हळदकुंकू लावलं. गाडीत बसायचं नाही, पण पूजा हवी!

"काकू, डिस्क एकदम स्वच्छ लागते हो!" म्हणत सतीशने फडकं घेऊन सगळं पुसून काढलं.

काकूंनी उरलेलं कुंकू त्याच्या कपाळाला लावलं. "मग तुला लावती. भरवसा तुझ्यावरच ठिवायचाय न्हवं?"

त्या दिवशी सतीशने प्रत्येक नट दोनदा तपासला.

*

ब्रेकच्या लाइनमधली हवा काढायला एकाने पेडल दाबायचं आणि दुसऱ्याने खाली नट सोडायचा. बापूंचा गुडघा दुखत होता.

"काकू, तुम्ही या. तुम्हाला सवय आहे!" मी म्हणालो.

काकू पदर खोचून ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या. मी खालून ओरडत होतो, "दाबा... धरा... सोडा!" हळूहळू पेडल कडक झालं.

काकू हसल्या. "आत्ता कुटं पायाला काय तरी लागलं बाई!"

*

ट्रायलला बापूंनी सवयीने सगळा जोर लावून ब्रेक मारला. गाडी जागच्या जागी थांबली आणि सतीशच्या मांडीवरच्या डब्यातले पोहे त्याच्याच शर्टावर! तो मात्र पोहे झटकत ओरडत होता, "थांबली राव! थांबली!"

*

मग एका रविवारी काकू आपणहून म्हणाल्या, "आळंदीला जाऊ. गाडीनंच."

जाताना त्यांचा पाय मॅटवर घट्ट होता. मी मागच्या सीटवर सतीशशेजारी बसून सारखा तिकडेच बघत होतो.

येताना मोशीचा उतार आला. मी पुढे वाकून बघितलं, तर काकू सीटवर मांडी घालून गाढ झोपलेल्या!

भोसरी आली. बापूंची गल्ली आली आणि गेलीसुद्धा. गाडी आपली हळूहळू पुढेच चाललेली.

"बापू, घर मागं राहिलं!" सतीश म्हणाला.

बापूंनी आरशातून त्याच्याकडे डोळे वटारले आणि एकदम हळू आवाजात म्हणाले,

"वरडू नगंस. ब्रेक मारला तर जागी हुईल ती."