मायच्या डोक्यावर हात

कॉलेजात जाणारा श्रावण हा महागावजवळच्या त्या खेड्यातला पहिलाच पोर. बाप लहानपणीच वारलेला. माय इंदूबाई दिराच्या घरात राबून दिवस काढत होती. चुलता किसनराव शब्दाचा पक्का आणि हट्टाचा त्याहून पक्का. पोराच्या शिक्षणाचा भार त्यानं उचलला आणि तो उचलल्याचं गावभर सांगितलंही. उपकार करावा तर असा, दवंडी पिटून!

यवतमाळला गेल्यावर पोराचं बिनसलं. काय बिनसलं, ते त्यालाही सांगता येईना. सकाळी उठावंसं वाटेना, पुस्तक उघडलं तर अक्षरं नुसती दिसायची. तेव्हा दारूबंदी होती म्हणे. वसतिगृहामागच्या नाल्यापलीकडं मोहाची हवी तेवढी मिळायची. श्रावण काही रोज पीत नसे. पंधरा-वीस दिवस धड राहायचा आणि एकदा बसला की आडवा होईस्तोवर प्यायचा. असाच एकदा पोरांनी त्याला नाल्यातून उचलून आणला, आणि बातमी गावी पोचली.

किसनराव तरातरा आले अन् त्याला घरी घेऊन गेले. चुलीपाशी बसलेल्या वहिनीला ओसरीवर बोलावलं आणि चार माणसांदेखत पोराचा हात तिच्या डोक्यावर ठेवला.

"म्हण, मायची आण, पुन्हा शिवणार नाही."

आपल्याकडं ही आण म्हणजे पोरखेळ नाही. मोडली, तर ज्याच्या डोक्यावर हात त्याच्या जिवावर बेतते, असं सगळेच मानतात. श्रावणनं मुकाट्यानं म्हटलं. साऱ्यांचा जीव भांड्यात पडला, चहा झाला, विषय मिटला. पोराला नेमकं काय खातंय, हे विचारायला एवढ्या शहाण्यांतला एकही तयार नव्हता!

यवतमाळला परतल्यावर दिवाळीपर्यंत त्यानं आण कशीबशी पाळली. मग पुन्हा बसला. त्यानंतर थोड्याच दिवसांत, बाजाराला आलेल्या गाववाल्यानं सांगितलं, "तुही माय मुदतीच्या तापानं पडली रे."

झालं! मायच्या जिवावर आपणच उठलो, असं पोराच्या मनानं घेतलं. त्या भीतीनं तो प्यायला, अन् प्यायला म्हणून आणखी भ्याला. गावी जायची हिंमत होईना, कुणाला सांगायची सोय नाही.

मानसशास्त्राचे जफर सर तेवढे त्याच्या मागे लागले. रोज संध्याकाळी घरी बोलवायचे. त्यांची बायको फरीदा चहा ठेवून आत जायची. सर उपदेश करत नसत, नुसते समोर बसून राहत. पोरगा तोंड उघडत नसे, तरी उठताना "उद्या ये" म्हणत. अखेर एका संध्याकाळी श्रावणनं सगळं भडाभडा सांगून टाकलं.

"ताप खराब पाण्यानं आला बेटा, तुह्यानं नाही," सर म्हणाले. "पण माह्या सांगण्यानं तू सुटत नाहीस. मायले जाऊन सांग. नाही तं जन्मभर त्या आणेतच अडकून राहशील."

गावी गेला बिचारा. माय खाटेवर बसली होती. हाडं वर आलेली, पण ताप उतरला होता. शेजारच्या रामीबाईला ती कौतुकानं सांगत होती, "माह्या पोरानं आण पाळली, म्हणून मी वाचली व बाई." श्रावण उंबऱ्यातच थांबला. आता सांगावं तरी कसं? त्यात किसनरावांनी पाठीवर थाप मारली, "शाब्बास!"

रामीबाई उठून गेली, किसनराव वावरात गेले. श्रावण खाटेला टेकून बसला आणि रडत रडत म्हणाला, "माय, मी पेलो. लय वेळा पेलो. तू पडली तवाबी पेलो."

इंदूबाई दाराकडं पाहत म्हणाली, "हळू बोल. काकाले कळलं तं दोघायलेबी घराबाहेर काढन."

"तुले राग नाही आला?"

"आला न. पण कायले पेतं रे बापू?"

"मले नाही समजत, माय. सकाळी उठावंच नाही वाटत. काहीच नको वाटते."

तिनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं. घरात दुसरं कुणी नव्हतं, तरी तिचा आवाज खाली गेला.

"मलेबी नाही वाटत रे," ती म्हणाली. "तुहे बाबा गेले तवापासून. ताप आला, तवा वाटलं, चला, सुटली एकदाची."