मेव्हण्याच्या मांडीवरची गिटार

शुक्रवार पेठेत स्टीलच्या भांड्यांचं दुकान चालवणाऱ्या सोमशेखरला कोणी "काय करता?" विचारलं, की तो आधी "गिटारिस्ट होतो" म्हणायचा आणि मग नाइलाजाने भांड्यांवर यायचा. गोष्ट खोटी नव्हती. लग्नाआधी तो एका ऑर्केस्ट्रात लाल इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा. गणपतीत त्याला जेवायला फुरसत नसायची. मग लग्न झालं, दुकान गळ्यात पडलं आणि गिटार कपाटावर चढली.

वर्षातून एकदा, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, ती खाली उतरायची. दुकानातल्या तराजूशेजारी पाटावर बसायची. सोमशेखर तिच्यावर ओल्या विभूतीचे तीन पट्टे ओढायचा, मूठभर कुंकू वाहायचा, ओवाळायचा आणि पुन्हा वर ठेवून द्यायचा. एका वर्षी पूजेनंतर हुक्की आली म्हणून त्याने वायर जोडली, तर स्पीकरमधून भजी तळल्यासारखा चर्रर्र आवाज आला.

"मेली," तो म्हणाला.

त्याच्या बायकोचा, शिवलीलाचा, धाकटा भाऊ महेश्वर त्या दिवशी गावाहून, मंद्रूपहून, आला होता. मोबाइलवर व्हिडिओ बघून गिटार शिकणारं पोरगं. "दाजी, मेलीच हाय तर मी नेऊ का?"

"ने की! भंगारवाला पण घेणार न्हाई." असं म्हणताना सोमशेखरला आपण लई दिलदार असल्यासारखं वाटलं.

पुढच्या महिन्यात एका रविवारी महेश्वर गिटार घेऊन आला. सोमशेखरला ती पटकन ओळखूच आली नाही. लाल रंग नव्या नवरीच्या शालूसारखा झळकत होता.

"काय केलंस रे हिला?"

"आंघोळ घातली. दाजी, तारांखाली, बटणांत, फटीफटीत नुसतं कुंकू आणि विभूती! वाळून सिमेंट झालं होतं. ब्रशनं खरवडून काढलं. वाकलेली मान सरळ केली, नव्या तारा चढवल्या, बास. हिला काय झालंच नव्हतं. तुमच्या भक्तीनं गुदमरली होती बिचारी."

शिवलीला पदरात तोंड घालून हसली. आणि महेश्वरने दाजींच्याच स्पीकरला वायर जोडून वाजवायला सुरुवात केली.

पहिल्याच सुराला सोमशेखरने हातातला चहाचा कप खाली ठेवला. हाच तो आवाज, गणपतीतला. आपण नकार दिलेली मुलगी दुसऱ्याच्या घरात सुखाने नांदताना दिसावी, तसं त्याला झालं. त्यात त्याची आई, काशम्मा, जपमाळ थांबवून कानडीत कौतुकाने म्हणाली, "चलो अद नोड! किती छान वाजवतंय पोरगं." सोमशेखर वाजवायचा तेव्हा हीच बाई म्हणायची, "बंद कर ते, दूध नासतंय." बायकोनेही चहाचा दुसरा कप भावालाच दिला.

"सूर जरा चढलाय," सोमशेखर म्हणाला.

महेश्वरने मोबाइलवर सूर तपासून दाखवला. काटा मधोमध.

मग सोमशेखरने देवालाच मध्ये घातलं. "हे बघ, खंडेनवमीला ही आपल्या पाटावर लागते. घरचा रिवाज हाय. तेव्हा ती हितंच राहू दे."

"दसऱ्याला आणून देतो की, दाजी."

"न्हाई. पूजेची वस्तू गावोगाव फिरवत नसतात."

"अहो, दसरा कुटं, आपण कुटं!" शिवलीला म्हणाली. "आणि दिलेली वस्तू परत मागता?"

"मी दिली न्हाई. ने म्हणालो."

महेश्वरने एकदा बहिणीकडे बघितलं. मग पट्टा गळ्यातून काढून गिटार दाजींच्या मांडीवर ठेवली. "घ्या. वाजवून तर बघा."

सोमशेखरने तारा दाबल्या. बोटं लोण्यासारखी मऊ झालेली, तार कचकन रुतली. तरी त्याचं जुनं हुकमी गाणं दोन ओळी धावलं. तिसरीत अडखळलं. महेश्वरचं बोट आपसूक पुढे आलं, "दाजी, हितं—"

"हात लावू नकोस!"

ओरडणं एवढं मोठं होतं, की स्पीकरही क्षणभर घुमला. महेश्वरने बोट मागे घेतलं. बहिणीने बांधून दिलेला डबा त्याने पिशवीत टाकला आणि मंद्रूपची बस गाठायला निघाला. शिवलीला त्याला कोपऱ्यापर्यंत सोडायला गेली ती नवऱ्याकडे न बघताच.

काशम्मा एव्हाना देवघरात जाऊन बसली होती. सोमशेखरने गिटार छातीशी घट्ट धरली. आता ती त्याची होती, पुन्हा एकदा, चकचकीत. त्याने तेच गाणं पहिल्यापासून धरलं. आवाज भरून, गोल निघत होता; बोटंच मागे पडत होती.

आतून काशम्माचा आवाज आला, "महेश्वर गेला वाटतं?"

सोमशेखरने स्पीकरचा आवाज वाढवला.