जाड सालं

लढाई सुरू झाली, बसगाड्या बंद पडल्या आणि कंडक्टरबाई रिकामी झाली. रिकामं बसणं तिला कधी जमलंच नाही. ज्याला जमेल तो गाशा गुंडाळत होता, आणि ही बया मदत केंद्रात जाऊन म्हणाली, "पगार नको. पण मला बसवून ठेवू नका."

केंद्र म्हणजे एक बंद शाळा. वर्गांत घरं गेलेली माणसं राहायची, मागच्या मैदानात त्यांच्यासाठी शेती चालायची. शेतीचं खातं बाईकडे. आधी तिला वांग्याचं रोप आणि मिरचीचं रोप सारखंच दिसायचं. शिकली. बोटांना भेगा पडल्या, जीभ होती तशीच राहिली.

त्या हंगामात वरून हुकूम आला: या आठवड्यात बटाट्याची लागवड झाली नाही तर शेती बंद, स्वयंसेवक परत. बियाण्याचा ट्रक आला तो नेमका तोफगोळे पडत असताना. बाईच्या अंगातली जुनी सवय उसळली. "चला, चला! दारात थांबू नका! आत सरका!" माणसं गोणी घेऊन धावली. जवळचं दार स्वयंपाकघराचं. खायचे बटाटे, लावायचे बटाटे, सगळे एकाच दाराने आत. कुठली गोण कुठे जाते, हे बघायचं काम बाईचं होतं. तिने नुसती गर्दी आत सारली.

सकाळी येऊन बघते तर आचारी आणि त्याची माणसं मांडी ठोकून सोलत बसलेली. बियाण्याच्या निम्म्याहून जास्त गोणी रिकाम्या.

"अरे मेल्या, हे बियाणं होतं!"

"मग त्यावर लिहायचं ना! मला काय स्वप्न पडतंय?" आचारी म्हणाला. "कोंब फुटलेले दिसले, म्हटलं जुना माल, आधी संपवू."

बाईने कपाळावर हात मारला. "तुझी चूक नाही. माझी आहे."

तेवढ्यात केंद्राचे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, थकलेला होता. पातेल्यात डोकावले आणि हळूच म्हणाले, "उरलंय त्यात मैदान भरणार नाही. संपलं तर मग. दुपारच्या गाडीने निघू. बाई, सामान बांधा."

"तुम्ही निघा. मी नाही."

"लावणार काय? उकडलेले बटाटे?"

बाई सालांच्या ढिगासमोर उकिडवी बसली. एक साल उचललं. त्यावर डोळा होता, डोळ्याला कोंब, पण साल कागदासारखं पातळ. दुसरं घेतलं, ते जरा मांसल. ते तिने बाजूला ठेवलं.

"साल एवढं पातळ कशाला काढतोस रे?"

"का म्हणजे? आयुष्यभर हात बसलाय माझा!" आचारी फुगला.

"उठव तो हात. उरलेले सगळे बटाटे जाड सोल, खायचेसुद्धा. डोळ्यापाशी चांगला बोटभर गर राहू दे. कोंब मोडलास तर तुला मोडीन."

"आणि लोक जेवणार काय?"

"आतलं. जरा कमी जेवतील. मी सांगते त्यांना."

सांगितलं. शिव्या खाल्ल्या, दोन परतही दिल्या. मग तीच माणसं टोपल्या घेऊन बाहेर आली. सालं राखेत घोळवली, वाऱ्यावर सुकवली आणि लगेच सऱ्यांत डोळा वर करून लावायला घेतली. फाटकाशी गाडी हॉर्न वाजवत होती. साहेब मैदानाच्या कडेला आले.

"सालं रुजतात का हो कधी?"

"माहीत नाही."

"आणि नाही रुजली तर?"

"तर इथेच उभी राहून दुसरं काहीतरी लावीन. मला हाकलायचं असेल तर चार माणसं आणा, दोघांना मी आवरत नाही."

आचारी मागून ओरडला, "चारही पुरणार नाहीत, साहेब!"

साहेब हसले आणि गाडीत बसले. स्वयंसेवकही गेले. आचारी मात्र, "पातेली कोण घासणार?" म्हणत मागेच राहिला.

पुढे गोळे पडतच राहिले. एक मैदानाच्या कोपऱ्यात पडला, त्याने तीन सऱ्या उधळल्या. बाईने त्या शिव्या देत पुन्हा ओढल्या. पातळ सालं बहुतेक कुजली. पण जाड सालांतून हिरवी टोकं वर आली, विरळ, वाकडीतिकडी.

एका सकाळी वायरलेसवर साहेबांचा आवाज आला. "बाई, शेती बंद म्हणून लिहू ना?"

"काय म्हणून बंद? पाणी देतेय मी आत्ता. पुढच्या गाडीने खत पाठवा. आणि तुम्हाला यायचं असेल तर फावडं स्वतःचं आणा, इथे जास्तीचं नाही."