H ची पेटी

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की मी उठून चहा टाकायला जाते. माझं कामच तसलं... चाकणला कंपनीत क्वालिटी तपासायला आहे, पार्ट मापाच्या गेजमध्ये बसला तर ओके, नाहीतर रिजेक्ट. पण हे मी स्वतः पाहिलंय - भर दुपारी, पूर्ण शुद्धीत. लिहिताना काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझ्या वडिलांचं, अण्णांचं, काळेवाडीत व्हिडिओ गेमचं दुकान होतं. त्यातला सगळ्यात लाडका गेम मिलिटरीवाला. दोन सोल्जर, डावीकडून उजवीकडे पळत सुटायचं, समोर येईल त्याला उडवायचं, रणगाडे, हेलिकॉप्टर... नुसता धुमाकूळ! मध्येच H लिहिलेली पेटी यायची. ती उचलली की आतून घोगरा आवाज यायचा, "हेवी मशीन गन!" काळेवाडीच्या पोरांना ऐकू यायचं - "हेमा, मशीन घे!"

आणि हेमा म्हणजे आमची आई. पोरं फिदीफिदी हसायची, अण्णांनी मात्र ते मनावरच घेतलं. दुपारी अर्धं शटर ओढून आई-अण्णा दोघं खेळायचे, तेव्हा मरायची वेळ आली तरी H ची पेटी अण्णा घ्यायचे नाहीत. "ती हेमाची." पेटीखाली जाऊन त्यांचा निळा सोल्जर उठाबशा काढत आईची वाट बघायचा. या गेमात एक जण थांबला की पडदा पुढे सरकत नाही, त्यामुळे आईला पेटी घ्यावीच लागायची.

अण्णा गेले, दुकान बंद झालं. मग गेल्या वर्षी आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात लुळा, वाचा बंद. फिजिओवाल्या मॅडम म्हणाल्या, "आतापर्यंत बोटं हलायला हवी होती. अजून उशीर झाला तर अवघड आहे." व्यायामाचा स्पंजचा बॉल दिला, तो आई डाव्या हाताने भिरकावून द्यायची. शेवटी माझे मिस्टर म्हणाले, "अगं, बॉल राहू दे, आपण त्यांचा गेमच आणू." ते कंपनीत मेंटेनन्सला आहेत. बंद दुकानात पडून असलेलं ते कपाटाएवढं धूड टेम्पोत घालून आमच्या ताथवड्याच्या फ्लॅटवर आणलं आणि दुरुस्त केलं.

त्या गुरुवारी कंपनीला सुट्टी होती. मिस्टर खाली गाडी धूत होते. आईला मी गेमसमोर बसवलं. दांडी डाव्या हाताने चालते, पण उडी आणि गोळीची बटणं उजव्या हाताला. तो हात मी उचलून बटणांवर ठेवला, तर तसाच पडून राहिला. आईचा सोल्जर नुसता चालायचा आणि मरायचा. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला बघवेना, म्हटलं बंद करते...

आणि दुसरा प्लेअर आला.

दुसऱ्या बाजूचं बटण कुणी दाबलं नव्हतं. दांडी जागच्या जागी उभी. आणि पडद्यावर निळा सोल्जर सपासप गोळ्या झाडत आईचा रस्ता मोकळा करतोय! मला वाटलं, काहीतरी शॉर्ट झालं. तेवढ्यात वर मचाणावर H ची पेटी दिसली. निळा सोल्जर पेटीखाली जाऊन थांबला आणि उठाबशा काढायला लागला.

समोरून गोळ्या येतायत, हा जागचा हलत नाही, पडदाही हलत नाही. पेटी घ्यायची तर उडी मारायला हवी, म्हणजे उजव्या हाताचं बटण.

"आई, दाब ना गं," मी म्हणाले.

तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. आधी अंगठा थरथरला, मग मधलं बोट वाकलं... टक्. आईचा सोल्जर उडाला. आतून तो घोगरा आवाज आला.

"घेतली," आई म्हणाली.

अगदी स्वच्छ! झटका आल्यापासून पहिला शब्द. मी हसत होते का रडत होते, देव जाणे.

पुढच्याच रणगाड्यापुढे निळा सोल्जर पडला आणि त्याच्या बाजूला उलटे आकडे सुरू झाले. नऊ, आठ... शून्याच्या आत बटण दाबलं नाही तर तो प्लेअर गेला. मी झेपावले. हो, तोवर मी मनातून 'अण्णा, थांबा' म्हणत होते. तर आईने माझं मनगट घट्ट धरलं.

"राहू दे," ती म्हणाली. "दमले असतील."

आकडे संपले.

मिस्टर म्हणाले, डेमो असेल, गेम आपोआप खेळून दाखवतो. पण डेमोत आपली दांडी कशी चालेल? मग त्यांनी मागचं झाकण उघडलं आणि त्यांचं त्यांनाच आठवलं. दुसऱ्या बाजूच्या वायरी उंदरांनी कुरतडलेल्या, म्हणून त्यांनी त्या जोडल्याच नव्हत्या. मॅडम म्हणतात, मेंदूचं असं होतं कधीकधी. असेल, पण मेंदू आईचा होता, निळा सोल्जर कुणाचा होता? कुणाला माहीत असेल तर सांगा.

संध्याकाळपर्यंत माझ्या मनगटावर आईच्या बोटांचे वळ होते. तिने ते उजव्या हाताने धरलं होतं.