सुलभाकाकूंचे रायफल प्रायमर

पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेजच्या मराठी मंडळात सुलभाकाकू परचुरे प्रसिद्ध आहेत त्या प्रॉम्प्टर म्हणून. नाटक कुठलंही असो, विंगेत हातात वही घेऊन काकूच. गावाबाहेरच्या नेमबाजी क्लबात मात्र त्यांना सगळे ‘सू’ म्हणतात, आणि तिथे त्या पॉइंट थ्री-एट रिव्हॉल्व्हरने पंचवीस यार्डांवरचा कागद फोडतात.

काकू मूळच्या सांगलीच्या, केमिस्ट्रीत एम. एस्सी. झालेल्या. युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं त्यांनी रसायनं तोलली. सत्तावन्नाव्या वर्षी लॅबमधली बार्ब नावाची मैत्रीण त्यांना एका शनिवारी क्लबात घेऊन गेली. घरी येऊन काकूंनी कुकर लावला आणि नवऱ्याला म्हणाल्या, “मला आवडलं हं ते.”

संजीवकाका स्टॅटिस्टिक्सचे प्राध्यापक. त्यांनी तिथल्या तिथे करार केला. “तुझं सगळं सामान बेसमेंटमध्ये, कुलपात. मी खाली येणार नाही, तू वर आणायचं नाहीस.” वॉशिंग मशीनही बेसमेंटमध्येच असल्यामुळे हा करार काकांना चांगलाच मानवला. नऊ वर्षं ते खाली फिरकले नाहीत.

खाली काकू स्वतःची काडतुसं स्वतः भरत. वापरलेली पितळी पुंगळी साफ करायची, तिच्या बुडाशी नवा प्रायमर बसवायचा, आत पावडर तोलून घालायची आणि वर शिशाची गोळी दाबायची. प्रायमर म्हणजे मसुरीच्या दाण्याएवढी धातूची टोपी. बंदुकीचा घोडा तिच्यावर आपटला की ठिणगी पडते आणि पावडर पेटते. लॅबमधून निवृत्त झालेल्या बाईला याहून सुखाचं काम कुठलं?

मग आलं दोन हजार एकवीस साल. दुकानांतून प्रायमर गायब झाले. पिस्तूल-रिव्हॉल्व्हरचे तर औषधालाही मिळेनात. ऑक्टोबरची क्लबची मॅच दोन महिन्यांवर आली आणि काकूंच्या डब्यात उरले जेमतेम चाळीस.

क्लबातले सगळ्यांत जुने मेंबर वॉल्ट. वय ऐंशी. त्यांनी काकूंच्या हातात एक खोका ठेवला. “सू, हे घे. रायफलचे आहेत, स्मॉल साइज. फिट बसतात. सगळे तेच वापरतायत.”

“फिट बसतात, पण आतून सारखे आहेत का?”

“अगं, गोळी सुटते ना!”

काकूंचं समाधान झालं नाही. त्यांनी घरी येऊन वाचन केलं. रायफलच्या प्रायमरची टोपी जाड असते, ती फुटायला घोड्याचा फटका जोरात बसावा लागतो. आणि ठिणगीही जास्त तेज असू शकते, म्हणजे नळीतला दाब वाढणार. तेव्हा नेहमीच्या मापाने पावडर भरणं बरोबर नाही. त्यांनी पुस्तकातल्या सगळ्यांत कमी मापापासून सुरुवात करायचं ठरवलं आणि दहाच काडतुसं भरली.

मॉरिसव्हिलहून मुलगी अनिकाचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा काकू चष्म्यावर संरक्षक चष्मा घालून प्रायमर बसवत होत्या.

“आई, आर यू सीरियस? प्लीज जस्ट बाय देम.”

“मिळत नाहीयेत गं, मिळाले असते तर ही उठाठेव कशाला केली असती?”

क्लबाच्या रेंजवर पहिली गोळी सुटली. दुसरी सुटली. तिसरीला नुसताच ‘टक्’ आवाज आला. असं झालं की बंदूक समोरच्या मातीच्या बांधाकडे रोखून थांबायचं, कारण एखादं काडतूस उशिरानेही उडू शकतं. काकू निश्चल उभ्या राहून मोठ्याने मोजू लागल्या, “एक, दोन, तीन...” थेट तीसपर्यंत, मराठीत. शेजारच्या लेनमधल्या माणसाने टोपी काढली. त्याला वाटलं, प्रार्थना चालली आहे.

दहांतली तीन उडाली नाहीत. कारण काकूंच्या ताबडतोब ध्यानात आलं. दोन वर्षांपूर्वी बोट दुखायला लागलं म्हणून त्यांनी रिव्हॉल्व्हरची स्प्रिंग हलकी करून घेतली होती. त्यामुळे चाप मऊ झाला होता, पण घोड्याचा जोरही गेला होता.

संध्याकाळी जेवताना त्या आपल्याशीच म्हणाल्या, “दहांत तीन. म्हणजे तीस टक्के फेल. ही हलकी स्प्रिंगच नडली.”

काकांचा घास हातात राहिला. “नमुना किती?”

“दहा.”

“दहावरून टक्केवारी काढतेस? सुलभा, तू सायंटिस्ट ना?” काका अस्वस्थ झाले. आमटी वाढून घेतली, पण लक्ष लागेना. “स्प्रिंग बदलून बघितलीस? जुनी एक, नवी एक, दोन्हींचे निदान शंभर-शंभर तरी हवेत. आणि क्रम आलटून पालटून. मी तक्ता करून देतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बेसमेंटच्या जिन्यावर पावलं वाजली. काका हातात पट्टी आणि पेन्सिल घेऊन उतरत होते. शेवटच्या पायरीवर थांबून त्यांनी विचारलं, “इथे काही... आपोआप उडत वगैरे नाही ना?”

“नाही. कशाला हात मात्र लावू नका.”

पुढचे तीन आठवडे दोघं मिळून रेंजवर गेले. काका कानटोपी, तिच्यावर कानांचं आवाजरोधक आणि डोळ्यांवर मोठा चष्मा अशा थाटात खुर्ची मांडून बसत. गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावरचा आकडा लिहून घेत. ‘टक्’ झालं की काकूंबरोबर तेही तीस मोजत.

हलक्या स्प्रिंगवर शंभरांत सत्तावीस उडाले नाहीत. जुनी घट्ट स्प्रिंग परत बसवली, तर शंभरच्या शंभर उडाले. वेगही हाताबाहेर गेला नाही. काकूंनी पावडर शेवटपर्यंत कमीच्याच मापावर ठेवली.

पण चाप आता जड झाला. बोट पुन्हा ठणकू लागलं. काकू रोज सकाळी मऊ चेंडू दाबत, कोमट पाण्यात हात बुडवून बसत, आणि आठवड्यातून चारच दिवस सराव करत. काका म्हणाले, “जमत नसेल तर मॅच कॅन्सल करू या.”

“एवढा तक्ता काय फ्रेम करायला केला?”

ऑक्टोबरात मॅच झाली. नेम काकूंचा नेहमीइतका घट्ट पडला नाही. शेवटच्या फेरीत बोट ठणकलं आणि दोन गोळ्या काळ्या वर्तुळाबाहेर गेल्या. एरवी दुसऱ्या-तिसऱ्या असणाऱ्या काकू सहाव्या आल्या. मात्र काडतूस एकही रुसलं नाही. वॉल्टच्या, स्प्रिंग हलकी करून चाप मऊ केलेल्या पिस्तुलाने चार वेळा ‘टक्’ केलं आणि ते नवव्या नंबरावर गेले. मॅचनंतर ते टोपीखालचं डोकं खाजवत काकांपाशी आले.

“तुझ्या बायकोकडे काहीतरी कागद आहे म्हणे?”

काकांनी तक्ता त्यांच्यापुढे उलगडला. शेजारी बसवून एकेक रकाना समजावला. मग बार्ब आली, आणखी दोघं आले. काकू कॉफीचा कप घेऊन लांब उभ्या राहून बघत होत्या. आपला नवरा वर्गात कसा शिकवतो, ते त्यांनी कधीच पाहिलं नव्हतं.

वॉल्टने त्याच आठवड्यात आपली स्प्रिंग बदलली. काकांनी बंदुकीला अजून हात लावलेला नाही. क्लबाने मात्र त्यांना स्कोअरकीपर केलं आहे. सरासरी ते तीन दशांशांपर्यंत काढतात, त्यामुळे निकाल लागायला हल्ली पाऊण तास जास्त लागतो.