खाणीत राहिलेला एमेतेरिओ

एमेतेरिओ कोल्के शूर आहे हे वरच्या आळीने परस्पर ठरवून टाकलं होतं. त्याला कुणी विचारलं नव्हतं. मे महिन्यात क्रुसाच्या सणाला चर्चपुढच्या चौकात वरची आळी आणि खालची आळी समोरासमोर येतात. गड्याला गडी भिडतो. जमिनीवर रक्त सांडलं की बटाटा चांगला पोसतो, असं आमच्याकडे सगळे मानतात. एक गडी खाली पडला की दुसऱ्याने थांबायचं, एवढाच नियम. एमेतेरिओ कायम पहिल्या रांगेत असायचा. त्याच्या ठोशाने कुणाचा जबडा निखळायचा, कुणाचे दात घशात जायचे, आणि दर वेळी वरच्या आळीच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

त्याची बायको फेलिपा मात्र त्याच्यासोबत राहत होती. भिंतीला पाठ लावल्याशिवाय हा जेवायला बसत नाही, कुत्रं भुंकलं तरी याच्या मुठी वळतात, झोपेत किंचाळतो. हा माणूस शूर नाही, घाबरलेला आहे, हे तिला कळत होतं. कथलाच्या खाणीतून धाकट्या भावाचं, लादिस्लाओचं, प्रेत घेऊन आला तेव्हापासून हे सुरू झालं. छत कोसळलं तेव्हा आपण खाणीच्या तोंडाशी होतो, असं त्याने सांगितलं होतं. भीतीने माणसाचा जीव जिथे निसटतो, तिथूनच त्याला हाक मारून परत आणावा लागतो. म्हणून फेलिपा जाणत्या म्हातारीला घेऊन खाणीच्या तोंडाशी गेली होती. नवऱ्याची टोपी छातीशी धरून तिने घसा बसेपर्यंत हाका मारल्या होत्या. काही उपयोग झाला नाही.

मग एका दुपारी त्यांच्या लहानग्या नेल्वाच्या हातून चुलीपाशी पातेल्याचं झाकण पडलं. खण्णकन आवाज झाला आणि एमेतेरिओचा हात फिरला. कोण आहे हेसुद्धा त्याने पाहिलं नाही. पोर भिंतीवर आपटली. हाड मोडल्याचा आवाज त्यालाही ऐकू आला.

"पडली," दवाखान्यात तो नर्सबाईंना म्हणाला.

"ह्याने मारलं," फेलिपा म्हणाली. "आणि मारताना हा भानावर नव्हता. बाई, हा एक दिवस कुणाचा तरी जीव घेईल."

नर्स ग्रिसेल्दाबाईंनी पोरीच्या हाताला प्लॅस्टर घालता घालता सगळं विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "दादा, हा आजार आहे. संकट कधीच संपलंय, पण तुमच्या अंगाला ते अजून कळलेलं नाही. झोपेसाठी गोळ्या आहेत. बोलायला डॉक्टरीणबाई बाजाराच्या दिवशी येतात. ह्यातून माणसं बरी होतात. पण यंदा चौकात उतरू नका. आणि आजार आहे म्हणून पोरीला मारलेलं माफ होत नाही, हेही ऐकून ठेवा."

एमेतेरिओने मान हलवली. अगदी मनापासून हलवली. नेल्वावर त्याचा जीव होता.

पण सणाच्या तोंडावर मुखिया डॉन इलारिओन दारात येऊन उभा राहिला. "आजारी? तू? अरे, खालच्या आळीला कळलं तर तुझ्यासाठी घागरा शिवून पाठवतील! गोळ्या खाऊन कुणी मर्द झालाय का?"

झालं. एमेतेरिओने कातडी टोप डोक्यावर चढवला. भीतीला औषध मिळतं हो, लाजेला नाही. आणि आमच्या गावात लाज फुकट वाटतात.

समोर खालच्या आळीचा यूलियान होता, नुकतंच लग्न झालेला. दोघांनी एकमेकांना दोन-चार ठोसे लगावले, हसलेसुद्धा. तेवढ्यात कुणीतरी आनंदाच्या भरात सुरुंगाची कांडी उडवली. दरसाल उडवतात. जमीन हादरली आणि एमेतेरिओ सुटला. यूलियान पहिल्याच ठोशाला खाली पडला. एमेतेरिओ त्याच्या छातीवर बसला आणि मारत राहिला. नाक चेचलं, डोळा फुगून मिटला, तोंडातून रक्ताचे बुडबुडे यायला लागले. मारामारी आवरायला ठेवलेले चाबूकवाले एमेतेरिओच्या पाठीवर फटके ओढत होते, तिकडे त्याचं लक्षही नव्हतं. जल्लोष करणारी वरची आळी हळूहळू गप्प झाली.

फेलिपा गर्दी फोडून आत घुसली. त्याचं कोपर लागून तिचा ओठ फाटला. तिने त्याच्या डोक्यावरचा टोप ओरबाडून काढला, छातीशी धरला आणि बेंबीच्या देठापासून ओरडली, "एमेतेरिओ, ये! घरी ये!"

उगारलेली मूठ थांबली.

"इथून काय हाका मारतेस?" तो कण्हला. "मी इथे नाहीये गं. मी खाली खाणीत आहे, लादिस्लाओपाशी."

"तू तर तोंडाशी होतास ना?"

"आत होतो. त्याच्या पायांवर दगड पडला होता. 'दादा, जाऊ नको' म्हणत त्याने माझी बाही धरली. मी त्याच्या तोंडावर बुक्क्या मारल्या. हात सुटेपर्यंत मारल्या. आणि पळालो."

डॉन इलारिओन स्वतःच्या चपला बघत बसला. बघू दे मेल्याला. यूलियान वाचला, पण त्याच्या एका डोळ्याने आता धूसर दिसतं.

त्यानंतर एमेतेरिओने एकही बाजार चुकवला नाही. डॉक्टरीणबाईंपुढे तेच तेच सांगितलं, रडला, गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं म्हणून कुरकुरला, पण घेतल्या. यूलियानच्या शेतात नांगर धरला. यूलियान त्याच्याशी बोलत नव्हता, तरी धरला. मोठा आवाज झाला की पाय जमिनीवर रोवायचे आणि समोर दिसेल त्याचं नाव मोठ्याने घ्यायचं, असं त्याला शिकवलं होतं. गाव हसलं, हसून हसून कंटाळलं.

आणि एका सकाळी चुलीपाशी पुन्हा झाकण पडलं.

एमेतेरिओ दचकला. मुठी वळल्या. त्याने पाय रोवले. "चूल," तो म्हणाला. "पोतं. कोंबडी." मुठी उघडल्या. त्याला इतका आनंद झाला की हसतच तो नेल्वाकडे वळला.

नेल्वा भिंतीला चिकटून उभी होती. बरा झालेला हात तिने तोंडावर आडवा धरला होता आणि श्वास रोखला होता.

भीती घर सोडून गेलेली नाही, हे त्याला तेव्हा समजलं. खुंटीवरची तिची इवलीशी टोपी त्याने काढली, चुलीपाशी, ती जिथे आपटली होती बरोबर तिथे, गुडघे टेकले आणि टोपी छातीशी धरली.

"नेल्वा, ये," त्याने हाक मारली. "ये गं बाई. घरी ये."

तिचा हात खाली आला नाही. तो हाका मारत राहिला.